मंगलवाद्य म्हणे!

सनईवर लिहिणारा कुठलाही समीक्षक घ्या, पहिल्याच ओळीत 'मंगलवाद्य' म्हणतो आणि पुढं सरकतो. मला या शब्दापाशीच थांबायचंय. वाद्य मंगल, मग वाजवणारा बाहेर का? आमच्या भागात सवर्णांच्या लग्नात मांगाघरचा सनईवाला मांडवाच्या कडेला उभा राहून वाजवायचा. सूर आत जायचा, माणूस बाहेर. जेवायला सगळ्यांच्या शेवटी, वरून वाढलेलं. 'मंगल' या शब्दात हे कुठं बसतं?

आता बिस्मिल्ला खाँ घ्या. १९१६ साली बिहारातल्या डुमरावला जन्म, वाजवणाऱ्यांच्याच घरात. शिकले बनारसला, मामा अलीबक्ष यांच्याकडं. सनई म्हंजे सोपं काम नाही. नळीला सात-आठ भोकं, तोंडाला पत्ती, बस्स. मधला सूर हवा तर भोक अर्धंच उघडायचं, ओठानं पत्ती दाबायची, दम राखायचा. एवढ्या तुटपुंज्या सामानात या माणसानं गळ्यातला ख्याल आणला, आणि बायकांच्या तोंडची कजरीही सोडली नाही. १९३७ साली कलकत्त्याच्या संगीत परिषदेत लोकांनी त्यांची सनई कान देऊन ऐकली. पुढं विलायत खाँची सतार आणि व्ही. जी. जोगांचं व्हायोलिन यांच्या बरोबरीनं ती बैठकीत बसली. पंगतीच्या गोंगाटात विरणारं वाद्य लोकांना गप्प बसून ऐकायला लावलं, ही त्यांची खरी कमाई.

पण १९५९ चा 'गूँज उठी शहनाई' आठवा. संगीत वसंत देसाईंचं, दम खाँसाहेबांचा, पडद्यावर चेहरा राजेंद्रकुमारचा. सिनेमाचा धंदाच तसा, मान्य. तरी मला त्यात आपली सगळी व्यवस्था दिसते: सूर पाहिजे, फुंकणारा नको.

२००१ साली खाँसाहेबांना भारतरत्न मिळालं, २००६ साली ते गेले. सन्मान त्यांच्या हक्काचा होता. मात्र प्रस्थापितांनी एका वादकाला डोक्यावर घेतलं आणि मांडवाकडेच्या हजारोंचा हिशेब मिटला असं धरून चालले. वाद्याला बैठक मिळाली. जातीचा प्रश्न होता तिथंच राहिला.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या कितीतरी वस्त्यांनी देवापुढचं, मिरवणुकीपुढचं वाजवणं टाकून दिलं. बरोबरच केलं. ते वाजवणं नव्हतं, वेठ होती. पण वेठ टाकली म्हणून फुंकर टाकायची काय गरज? ज्या बोटांनी पिढ्यान्‌पिढ्या सूर राखला ती बोटं आपली हायेत. आपल्या पोरानं सनई जरूर शिकावी. बसून वाजवावी, ठरवून पैसे घ्यावेत, नको तिथं नाही म्हणावं.

आणि आपण समीक्षा लिहू तेव्हा राग कुठला हे जरूर सांगू. त्याआधी विचारू: वाजवणारा कोण, त्याला बसवलंय कुठं, आणि जेवायला कुणाच्या पंगतीला?