मसूर स्टेशनच्या बाहेर

‘हिंद स्वराज’ गांधींनी १९०९ मध्ये बोटीवर, गुजरातीत लिहिलं. त्यातलं रेल्वेवरचं प्रकरण मी येरवड्यात बसून वाचलं, तेव्हा आधी मजा वाटली आणि मग अस्वस्थ झालो.

आरोप थेट आहेत. रेल्वेने प्लेग पसरवला, धान्य जास्त भावाच्या बाजाराकडे ओढून दुष्काळ वाढवले, इंग्रजांची पकड घट्ट केली. धान्याचा मुद्दा आजही हसण्यावारी नेता येत नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर–ठाणे गाडी धावली, १८६३ मध्ये बोरघाट पार झाला, तो काही आपल्या पर्यटनासाठी नव्हे. कापूस बंदरावर आणि फौज आत, हाच हिशोब होता. पकडीचा अनुभव तर गांधींना स्वतःलाच आला: १९३० मध्ये सरकारने त्यांना गाडीने बोरिवलीपर्यंत आणलं आणि पुढे मोटारीने आमच्या येरवड्याच्या तुरुंगात.

पण हे प्रकरण रूळ बघतं, डबे बघतं. स्टेशनच्या बाहेर काय होतं ते बघत नाही. ते बघायला आंबेडकरांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचावं लागतं.

साल १९०१. छोटा भीमराव आणि सोबतची मुलं साताऱ्याहून गाडीत बसतात. नवे कपडे, टोप्या, रेशमी काठाची धोतरं. वडिलांकडे निघालेली ही मुलं मसूरला उतरतात, तर न्यायला कुणीच आलेलं नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करतो. जात कळते आणि त्याचा चेहरा बदलतो. बैलगाडीवाले तयार होत नाहीत. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर राजी होतो, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने चालणार!

तिकीट सगळ्यांना मिळतं, बैलगाडी मिळत नाही. आंबेडकर हे रडत सांगत नाहीत. कपडे, भाडं, अंधार, तहान असा तपशील देत जातात. परदेशी वाचकाला अस्पृश्यता समजावी म्हणून लिहिलेलं हे गद्य आपल्यालाच जास्त झोंबतं.

गांधींना प्रवाशांचे हाल दिसत नव्हते, असं नाही. १९१७ मध्ये त्यांनी तिसऱ्या वर्गाच्या दुरवस्थेवर लिहिलं होतं. पण ‘हिंद स्वराज’मधलं रेल्वेआधीचं गाव फार शांत, फार निवांत आहे. मसूरचा गाडीवान त्याच गावचा. पुढे, सप्टेंबर १९३२ मध्ये, आंबेडकर येरवड्याच्या तुरुंगात गांधींसमोर बसले, तेव्हा वाटाघाटी मतदारसंघांच्या होत्या. ‘हिंद स्वराज’ वाचताना मला मात्र सारखं वाटत राहिलं, की रेल्वेवरचं हे प्रकरण मसूरच्या फलाटावर उतरून पुन्हा लिहायला हवं होतं.