निकितीनच्या हरवलेल्या पोथ्या

बहमनी राज्याच्या इतिहासांत अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचें नांव एका ओळींत येतें आणि जातें. तो चौलास उतरला, जुन्नरास राहिला, बेदरच्या सरदारांचें वैभव व रयतेचें दैन्य त्यानें पाहिलें, एवढें विद्यार्थ्यांस पाठ असतें. त्याचा 'तीन समुद्रांपलीकडील प्रवास' मूळ रशियनमधून राहोच, पण हक्लूट सोसायटीनें १८५७ सालीं छापलेल्या इंग्रजी भाषांतरांतून तरी समग्र वाचणारे थोडे. हा ग्रंथ केवळ पुरावा म्हणून वाचणें हा त्याच्यावर अन्याय होय, असें आमचें मत आहे.

निकितीन हा त्वेर गांवचा. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत व्होल्गा नदीनें खालीं येत असतां आस्त्राखानजवळ तो लुटला गेला व मालाबरोबर त्याच्या धर्मपोथ्याही गेल्या. त्या पोथ्यांची खंत पुढें हिंदुस्थानांतही डोकें वर काढते, कारण पोथी नाहीं म्हणजे पंचांग नाहीं. ईस्टर केव्हां येतो हें त्यास कळेना; मुसलमानांच्या सणावरून अजमास बांधून तो दिवस धरूं लागला आणि त्यांच्याच उपवासांबरोबर आपले उपवास करूं लागला. आपली एकादशी शेजाऱ्याच्या चंद्रदर्शनावरून ठरविण्याची पाळी आली तर घरांतील वडीलधाऱ्यांची काय अवस्था होईल, याची कल्पना वाचकांनींच करावी!

जुन्नरास असदखानानें त्याचा घोडा हिरावला व धर्म बदलण्यासाठीं चार दिवसांची मुदत दिली. खोरासानच्या महंमद नामक खजिनदारानें मध्यस्थी केली म्हणून तो सुटला. परधर्मीयानेंच त्याचा धर्म वाचविला, हें निकितीन कांहींही न लपवितां लिहितो.

ग्रंथाच्या अखेरीस तो रशियन सोडून तुर्की, फारशी व अरबी यांच्या मिश्र बोलींत प्रार्थना करितो. यावरून तो मुसलमान झाला असावा, असा तर्क कित्येक पंडितांनीं केला आहे. आम्हांस तो पटत नाहीं. ज्यानें धर्म टाकिला तो सणाची तिथि चुकली म्हणून कशाला हळहळेल? मात्र त्यास कट्टर ख्रिस्ती ठरवूं पाहणाऱ्यांचीही निराशाच होते; खरा धर्म कोणता हें देवच जाणे, असें तो स्पष्ट लिहून जातो.

वाशीम जिल्ह्यांतील लाडांचें कारंजें हें श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान. 'गुरुचरित्रा'च्या शेवटच्या भागांत बेदरचा यवन राजा स्फोटकानें पीडित होऊन गुरूंकडे येतो. ज्या घरांत पारायण होतें, तेथें बेदर परकें नाहीं. वऱ्हाड तेव्हां बहमनी राज्याचीच एक तरफ होती. परंतु पोथींतला राजा गुरुचरणीं लीन होण्यापुरताच आपणांस भेटतो. रुप्याच्या पलंगावर बसून निघणारा उमराव, पुढें सोन्याच्या साजाचे घोडे, आणि उघडीं माणसें, हें बेदर निकितीन दाखवितो. आपण मुसलमान नव्हे असें त्यानें सांगतांच हिंदु त्याच्यापाशीं मोकळे झाले व शिवरात्रीस तो त्यांच्याबरोबर श्रीशैलासही गेला. हे लोक एकमेकांच्या पंक्तीस जेवीत नाहींत, हेंही त्याच्या नजरेंतून सुटलें नाहीं. तें वाचतांना आम्ही किंचित् ओशाळलों.

निकितीन घरीं पोंचला नाहीं. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याची वही व्यापाऱ्यांनीं मॉस्कोस नेली व १४७५ च्या सुमारास ती बखरींत समाविष्ट झाली. पुढें मठाच्या ग्रंथसंग्रहांत कारामझिन या इतिहासकारास ती सांपडली व १८१७ त त्यानें ती आपल्या इतिहासांत नमूद केली. इव्हान मिनायेव या संस्कृतज्ञानें १८८१ त तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. आपला हा विसरलेला माणूस रशियनांस असा वाचनानेंच परत मिळाला. आतां त्वेरास त्याचा पुतळा आहे व आपल्या रेवदंड्यास स्मारक.

मराठी भाषांतरकारास आमची एकच सूचना आहे. त्यानें सारा ग्रंथ एकाच सोज्ज्वळ मराठींत ओतूं नये. निकितीन जेथें मिश्र बोलीकडे वळतो, तेथें आपल्या हाताशीं दखनी आहे. ती शेवटची प्रार्थना दखनींतच यावी.