अचूक चिलखत, अपुरा इतिहास : सामुराई व निंजा प्रतिकृतींच्या संग्रहाची समीक्षा

प्रास्ताविक

खेळणे आणि इतिहास यांचा परस्परसंबंध अभ्यासकांनी बहुधा गौण मानलेला आहे. वस्तुतः परक्या देशाच्या भूतकाळाची पहिली ओळख आज अनेक विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातून न होता चित्रपट, संगणकीय खेळ आणि त्यांच्या अनुषंगाने येणाऱ्या प्रतिकृतींतून होते. जपानच्या संदर्भात सामुराई आणि निंजा ही अशी दोन सर्वपरिचित रूपे होत. हातापायांचे सांधे वळवता येतील आणि शस्त्रे बदलता येतील अशा या पुतळ्यांना ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हणतात. त्यांचा संग्रह करणाऱ्यांत प्रौढांचा मोठा वर्ग आहे आणि ‘ऐतिहासिक अचूकता’ हा त्या वर्गाचा प्रमुख निकष आहे. प्रस्तुत लेखात या निकषाचीच चिकित्सा करावयाची आहे. वस्तूच्या तपशिलातील अचूकता आणि इतिहासाशी असलेली निष्ठा या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि संग्रहाची फळी हा भेद झाकून टाकते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पार्श्वभूमी

योद्ध्याची लहान प्रतिमा घरात मांडण्याची प्रथा जपानला नवी नाही. एदो काळापासून ५ मे या दिवशीच्या मुलग्यांच्या सणाला ‘मुशा निंग्यो’ म्हणजे योद्ध्यांच्या बाहुल्या मांडल्या जात. १९४८ पासून हा दिवस ‘बालदिन’ म्हणून पाळला जातो. मात्र ही बाहुली मांडण्यासाठी आहे, खेळण्यासाठी नव्हे. मुलगा सशक्त आणि सुरक्षित राहावा ही त्यामागील भावना होय.

‘अ‍ॅक्शन फिगर’ची परंपरा याहून वेगळी आहे. १९६४ मध्ये हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने ‘जी. आय. जो’ हा सैनिक बाजारात आणला, तेव्हा मुलगे ‘बाहुली’ घेणार नाहीत या धारणेतून हा शब्द रूढ करण्यात आला. याच मालिकेत १९८४ मध्ये पांढऱ्या वेषातील ‘स्टॉर्म शॅडो’ हा निंजा आला आणि १९८८ मध्ये निंजा कासवांची खेळणी आली. म्हणजेच सामुराईच्या बाहुलीला घरगुती विधीचा वारसा आहे, तर निंजाची पुतळी प्रामुख्याने पडद्याच्या आणि चित्रकथेच्या मागोमाग आलेली आहे. पुढील विवेचनात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

सामुराई : वस्तूचा पुरावा

सामुराईच्या प्रतिकृतीमागे प्रत्यक्ष वस्तूचा आधार उभा असतो. लाखेचा लेप दिलेल्या लोखंडी व चामडी पट्ट्या, त्यांना गुंफणाऱ्या रेशमी दोऱ्या, शिरस्त्राण आणि मुखवटा असलेली चिलखते संग्रहालयांत आजही पाहता येतात. दाते मासामुने (१५६७–१६३६) याचे पाच पत्र्यांचे काळे चिलखत सेंदाई शहराच्या संग्रहालयात आहे. त्याच्या शिरस्त्राणावरील अर्धचंद्राची दोन टोके असमान आहेत. उत्तम प्रतिकृती ही असमानताही जपते. एकास सहा या प्रमाणातील, सुमारे ३० सेंटिमीटर उंचीच्या पुतळीत चिलखताचे भाग सुटे करून पुन्हा चढवता येतात. कोणता भाग आधी चढतो आणि कोणत्या दोरीवर कशाचा भार येतो, हे छायाचित्रातून न कळणारे ज्ञान हाताला होते. या माध्यमाचे हे खरे सामर्थ्य मान्य केले पाहिजे.

परंतु माध्यमाच्या मर्यादाही येथेच दिसतात. पत्रा आणि दोरी लहान करता येते, पण कापडाची जाडी व त्याचे पडणे त्याच प्रमाणात लहान होत नाही. त्यामुळे चिलखत अस्सल वाटते आणि आतील वस्त्र फुगलेले दिसते. याहून गंभीर बाब अशी की, तपशिलाच्या विश्वासार्हतेचा लाभ कल्पिताला मिळतो. मासामुनेचा उजवा डोळा बालपणी देवीच्या रोगाने गेला हे सर्वश्रुत आहे. अनेक प्रतिकृतींत त्या डोळ्यावर पट्टी असते. या पट्टीला समकालीन साधनांचा आधार नाही. १९८७ च्या लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेसारख्या दृश्य माध्यमांनी ती जनमानसात रुजवली. खरे चिलखत आणि काल्पनिक पट्टी एकाच पुतळीवर समान आत्मविश्वासाने विराजमान होतात, आणि पाहणाऱ्याला त्यांतील सांधा दिसत नाही.

निंजा : संकेताचा पुरावा

निंजाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. इगा आणि कोका या प्रदेशांतील हेरगिरीत निष्णात असलेले लोक ही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे. त्यांना पूर्वी ‘शिनोबी’ म्हणत. ‘निंजा’ हा उच्चार विसाव्या शतकात लोकप्रिय झाला. ‘बानसेनशूकाई’ (१६७६) आणि ‘शोनिन्की’ (१६८१) हे या विद्येवरील ग्रंथ उपलब्ध आहेत. मात्र काळ्या पोशाखाची प्रतिमा प्रामुख्याने चित्रकला आणि रंगभूमी यांच्या संकेतांतून आलेली आहे. होकुसाईच्या १८१७ मधील एका रेखाटनात दोरावर चढणारा असा कृष्णवेषधारी दिसतो. पुतळीच्या पाठीवरील सरळ पात्याच्या ‘निंजा तलवारी’चा विसाव्या शतकापूर्वीचा खात्रीलायक नमुना उपलब्ध नाही.

‘शोनिन्की’त वेषांतराचे सात प्रकार सांगितले आहेत : बासरी वाजवणारा भटका भिक्षू, बौद्ध साधू, डोंगरातील तपस्वी, व्यापारी, रस्त्यावर खेळ करणारा, नट आणि शेवटी सर्वसामान्य माणूस. यातील सातवा प्रकार समीक्षकाला विचारात पाडणारा आहे. ओळखू न येणे हेच ज्याचे कौशल्य, त्याची खरोखर अचूक प्रतिकृती करावयाची झाल्यास ती एखाद्या फेरीवाल्याची होईल. अशी पुतळी निंजाच्या फळीवर कोणी ठेवणार नाही, कारण ती निंजा म्हणून ओळखूच येणार नाही. येथे अचूकता आणि ओळख यांचा थेट विरोध होतो आणि बाजार साहजिकच ओळखीच्या बाजूने कौल देतो.

संग्रह आणि काळ

सुझन स्टुअर्ट यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात संग्रह हा इतिहासाच्या जागी वर्गीकरण आणतो असे प्रतिपादन केले आहे. प्रस्तुत विषयाला ते तंतोतंत लागू पडते. सोळाव्या शतकातील सेनानी, एकोणिसाव्या शतकातील चित्रसंकेत आणि १९८० च्या दशकातील चित्रपटातील मारेकरी एकाच उंचीचे असल्यामुळे एका रांगेत उभे राहतात. त्यांच्यामधील तीन-चार शतके फळीवर दिसत नाहीत.

शिवाय या रांगेतील प्रत्येक जण लढत असतो. १६१५ मध्ये ओसाका किल्ला पडल्यानंतर जपानने दोन शतकांहून अधिक काळ बव्हंशी शांतता अनुभवली. या काळात बहुसंख्य सामुराई कारभारी, हिशेबनीस आणि शिक्षक झाले. दौत-लेखणी घेतलेल्या सामुराईची पुतळी मात्र अपवादानेच संग्रहात येते. ‘आशिगारू’ म्हणजे सामान्य पायदळातील सैनिकांच्या प्रतिकृती निघतात, तरी संग्रहाच्या मध्यभागी सेनानीच असतो. मालकाने उसनी दिलेली साधी चिलखते घालून लढलेला हा सैनिक संख्येने मोठा होता, पण शोभेने लहान ठरला.

समारोप

वरील विवेचनाचा हेतू संग्राहकांच्या छंदाला कमी लेखण्याचा नाही. एका दोरीची गाठ बरोबर आहे काय, यासाठी जुन्या चित्रांचा शोध घेणारा संग्राहक साधनांच्या चिकित्सेच्या अगदी जवळ पोहोचलेला असतो. त्याने आणखी एक पाऊल पुढे टाकावे, एवढीच अपेक्षा आहे. प्रत्येक पुतळीबाबत तीन प्रश्न विचारता येतील : या तपशिलाचा आधार जतन झालेली वस्तू आहे, लिखित साधन आहे की कलेचा संकेत आहे? तो आधार कोणत्या काळातील आहे? आणि या रांगेत कोण अनुपस्थित आहे?

हेच प्रश्न इतिहासाच्या वर्गातही उपयोगी पडतील. विद्यार्थ्याने आणलेली निंजाची पुतळी ‘हे खोटे आहे’ असे म्हणून बाजूला सारल्यास त्याचे कुतूहल संपेल. ती खरी मानून स्वीकारल्यास इतिहास संपेल. त्याऐवजी तिच्या शेजारी ‘शोनिन्की’तील त्या सातव्या, सर्वसामान्य माणसाला कल्पनेने उभे करावे. त्या दोहोंतील अंतर कसे निर्माण झाले, हे विद्यार्थ्याने शोधू लागणे हा इतिहासाच्या अभ्यासाचा योग्य प्रारंभ ठरेल.