पंचकार्डांमागच्या मुली

संगणकानं ग्रंथ अभ्यासण्याची कथा बहुधा फादर रॉबेर्तो बुसा यांच्यापासून सांगतात. 1949 साली ते आयबीएमकडे गेले. थॉमस अक्वायनसच्या लेखनातल्या कोटीभर शब्दांची सूची पुढे 56 खंडांत छापली गेली. पण ते शब्द यंत्रानं स्वतः वाचले नव्हते हो! इटलीतल्या गॅलारातेत लॅटिन न येणाऱ्या तरुण मुली शब्द न् शब्द कार्डांवर छिद्रं पाडून उतरवत होत्या. बायका काळजीनं काम करतात, म्हणून त्यांना निवडलं म्हणे. नावं मात्र मागेच राहिली. ज्युलियान नायहन यांनी त्यांना बोलतं केलं, तेही कितीतरी दशकांनी.

आज कृत्रिम बुद्धिमत्ता जुनी हस्तलिखितं वाचते. तिलाही आधी कुणीतरी ओळ न् ओळ वाचून शिकवलेलं असतं. आपल्या कितीतरी पोथ्यांच्या शेवटी लिहविणाऱ्या श्राविकेचं, कधी लिहिणाऱ्याचंही नाव असतं. असल्या संशोधनाचं पुस्तक हाती आलं की मी आता आधी शेवटचं पान उघडते.