शून्याच्या खाली

सायकलस्वारांच्या लिखाणात रस्त्याची ओळख हल्ली एका आलेखाने करून दिली जाते. आडवं अंतर, उभी उंची, आणि सगळ्यात खालची रेघ म्हणजे समुद्रसपाटी. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, सेंट आइव्हज ते सेंट जस्ट असा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा बी ३३०६ हा रस्ता आहे. जेमतेम वीस-बावीस किलोमीटरचा. त्याचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. त्यावर लिहिलेलं बरंच काही मी वाचलं, रस्ताही सायकलने पार केला. माझी तक्रार रस्त्याबद्दल नाही, आलेखाबद्दल आहे. तो शून्यावर थांबतो, आणि या रस्त्याच्या उत्तरार्धात जे काही महत्त्वाचं घडलं ते शून्याच्या खाली घडलं.

झेनॉरपर्यंत ती वर्णनं पुरेशी पडतात. नैऋत्येचा वारा समोरून येतो, डावीकडे ग्रॅनाइटचे माळ, उजवीकडे दगडी बांधांची चिमुकली, प्राचीन शेतं आणि पलीकडे अटलांटिक. रस्ता शेतघरांना वळसे घालत जातो, त्यामुळे उतारावर कमावलेला वेग पुढच्या वळणावर ट्रॅक्टरसमोर किंवा उघड्या टपाच्या दुमजली बससमोर गमवावा लागतो. पेंडीन गाठलं की मात्र लिखाण गडबडतं. इथे इंजिनघरं दिसू लागतात: छप्पर उडालेली, बाजूला धुराडं असलेली दगडी घरं. सायकलवाल्यांच्या लेखांत ती 'अवशेष' म्हणून येतात, फोटोपुरती. आणि लगेच पुढच्या वाक्यात 'जीवघेणा चढ', 'पायांचे हाल', 'यातना'.

या शब्दांना माझी हरकत आहे. हौसेने चढलेल्या चढाला यातना म्हणू नये असा सोवळेपणा नाही. मीही धापा टाकल्याच. पण याच भूमीत 'चढणं' या शब्दाला एक अर्थ होता. कथील आणि तांब्याच्या खाणीत पाळी संपली की टोपीला ओल्या मातीच्या गोळ्याने चिकटवलेल्या मेणबत्तीच्या उजेडात, शिड्यामागून शिड्या चढत वर यायचं. लेव्हंट ही खाण सुमारे ६०० मीटर खोल गेली होती आणि समुद्रतळाखाली दीड किलोमीटरहून अधिक पसरली होती. तिथे १८५७ मध्ये 'मॅन इंजिन' बसवलं. खाणीच्या विहिरीत एक लांबलचक लाकडी दांडा, त्यावर बारा-बारा फुटांवर पायऱ्या, आणि विहिरीच्या कडेला तितक्याच अंतरावर फळ्या. वाफेचं इंजिन दांडा बारा फूट उचलतं, माणूस फळीवर सरकतो. दांडा खाली येतो, माणूस पुढच्या पायरीवर पाय ठेवतो. असं करत उजेडापर्यंत. २० ऑक्टोबर १९१९ ला, दिवसपाळी वर येत असताना, दांडा माथ्यावरच्या जोडापाशी तुटला. शंभरावर माणसं त्यावर होती. ३१ मेली. मॅन इंजिन पुन्हा बसवलं नाही, खालचे थर सोडून दिले, आणि १९३० मध्ये खाणच बंद झाली.

दूरचित्रवाणीने हा प्रदेश जगाला दाखवला तो 'पोल्डार्क'मधून. विन्स्टन ग्रॅहम यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेली बीबीसीची ही मालिका २०१५ ते २०१९ चालली. नायकाची खाण म्हणून जी दाखवली ती बोटॅलॅकजवळची व्हील ओल्स. कथा १७८३ मध्ये सुरू होते आणि ते इंजिनघर एकोणिसाव्या शतकातलं आहे, पण एवढी कालविसंगती चालून जावी. खटकतं ते वेगळंच. १८९३ च्या जानेवारीत व्हील ओल्सच्या कामगारांनी शेजारच्या, पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीची भिंत फोडली. चुंबकीय उत्तर दिशा वर्षागणिक सरकते, तो फरक नकाशांत धरलेला नव्हता. एकोणीस पुरुष आणि एक मुलगा बुडाले. त्यांची प्रेतं कधीच वर काढली नाहीत. म्हणजे कड्यावर घोडा उभा करून जे इंजिनघर मागे सूर्यास्तासकट टिपलं जातं, त्याच्या खाली एक दफनभूमी आहे. मालिकेच्या कॅमेऱ्याला उंची फार आवडते, कड्यांवरून तो सारखा उडतो. (कोलारच्या सोन्याच्या खाणीतही कॉर्निश खाणकामगार आले होते. 'केजीएफ' या सिनेमानेही खाणीला नायकामागचा पडदाच केलं.)

या रस्त्याचं खरं चित्र मला पीटर लॅनियनच्या 'सेंट जस्ट'मध्ये दिसतं. लॅनियन सेंट आइव्हजचाच. १९१८ चा जन्म. १९५३ मध्ये पूर्ण झालेलं हे चित्र मी केवळ छापील प्रतिकृतीत पाहिलं आहे. उंच, उभा कॅनव्हास. निसर्गचित्र म्हटलं की आपण आडवी चौकट धरून चालतो, तिथेच तो पहिला धक्का देतो. शेतं, बांध, गाव सगळं हिरव्यात मिसळलेलं, आणि मधोमध वरून खाली उतरणारी काळी पट्टी: खाणीची विहीर. लॅनियनने या चित्राकडे क्रूसारोहण म्हणून पाहिलं होतं. ते माहीत नसलं तरी बिघडत नाही. जमिनीवरून दिसणारं आणि जमिनीखालचं एकाच पृष्ठावर, एकाच जोराने मांडलेलं आहे, हे डोळ्यांना कळतं. सायकलचा आलेख जिथे संपतो तिथून ही पट्टी सुरू होते.

तरीही एक गोष्ट मला तिथेही सापडली नाही. खाणीच्या तोंडाशी हातोड्याने खनिज फोडणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांना 'बाल मेडन' म्हणत. कॉर्निश भाषेत 'बाल' म्हणजे खाण. मराठी वाचकाला भलताच अर्थ लागेल, पण तोही फारसा चुकणार नाही, कारण त्यांत दहा-बारा वर्षांच्या मुली असत. त्यांचं काम उजेडात चालायचं, शून्याच्या वर, जिथे आता आपण सायकल टेकवून फोटो काढतो.