परक्याच्या पोथीतील आपली तक्रार

गेल्या प्रायश्चित्तकाळात चांदवड येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या काही कॅथलिक कुटुंबांनी आळीपाळीने एकमेकांच्या घरी ख्रिस्तपुराणाचे वाचन केले. त्यांपैकी तीन बैठकांना आम्ही उपस्थित होतो. रेणुकामातेच्या डोंगराखालच्या या गावात श्रावणात घरोघर पोथी लागते. नवनाथांच्या आणि पांडवांच्या कथा शेजारच्या ओट्यावरून ऐकत वाढलेल्यांना ओवी परकी नाही. परकी वाटली ती चारशे वर्षांपूर्वीची शब्दरूपे. म्हणून वाचणारी मुलगी फा. डॉ. नेल्सन फलकाव यांच्या आवृत्तीतील आजच्या मराठीतला अनुवाद आधी वाची आणि मग मूळ ओवीला हात घाली. दुसऱ्या संध्याकाळी, पोथी ऐकण्याच्या हौसेने येऊन बसलेल्या शेजारच्या एका आजींनी तिला थांबवले आणि विचारले, "काय गं पोरी, हा साहेब गोऱ्यांच्या मुलखातला ना? मंग हा आपल्या लोकांशी भांडतो, का आपल्या लोकांसारखं बोलतो?"

ख्रिस्तपुराणावरील लेखन आम्ही थोडेफार वाचले आहे. परंतु हा प्रश्न इतक्या उघडपणे विचारलेला आमच्या वाचनात नाही.

आपल्या समाजात फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते ते मुख्यतः मराठीच्या गौरवासाठी. पहिल्या अवस्वरूतील त्या ओव्या शाळेच्या स्नेहसंमेलनापासून साहित्यमेळाव्यापर्यंत सर्वत्र म्हटल्या जातात, टाळ्या पडतात आणि पुस्तक मिटते. एका इंग्रज माणसाने आपल्या भाषेला रत्नांच्या पंक्तीत बसवले, याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. तथापि त्याच अवस्वरूत या गौरवाइतकाच महत्त्वाचा एक प्रसंग आहे, आणि त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. सासष्टीतील चर्चमध्ये रविवारची धर्मशिकवण संपल्यावर नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्री गुरूंपुढे येतो. शिकवण चांगली आहे, असे म्हणून तो आपले गाऱ्हाणे मांडतो: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे एखादे पुराण आम्हांला का देत नाही?

या प्रश्नात विनंती आहे, पण तीत गुंडाळलेला आरोपही आहे. जे होते ते तुम्ही नेलेत. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा, दोन पुराणांत आणि पंचाण्णव अवस्वरूंत विस्तारलेला हा ग्रंथ त्या रिकाम्या जागेतून जन्माला आला, असे स्वतः ग्रंथच सांगतो. हा ब्राह्मण खरोखर होता की कवीने योजिला, हा वाद अभ्यासकांनी खुशाल करावा. योजिला असेल तर ते अधिक लक्षणीय. सत्ता ज्यांच्या हाती होती त्यांच्यापैकीच एकाने आपल्या ग्रंथाच्या दारात स्थानिकाची तक्रार बसवली आणि ती खोडून न काढता तिच्या उत्तरादाखल सारा ग्रंथ रचला.

हे औदार्य कोठून आले, हे समजण्यासाठी त्यांचा काळ पाहावा लागतो. इंग्लंडातील विल्टशायरचे स्टीफन्स ज्या देशात वाढले तेथे एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत कॅथलिक असणे हाच संशयाचा विषय होता. त्यांचे मित्र थॉमस पाउंड यांची उमर तुरुंगांतून गेली. येशूसंघाचे एडमंड कॅम्पियन यांना डिसेंबर १५८१ मध्ये लंडनला फाशी देण्यात आले. स्टीफन्स रोममध्ये येशूसंघात दाखल झाले, एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरले. मायदेशात ज्यांच्या धर्मावर बंदी होती, ते ज्या राज्यात येऊन राहिले तेथे दुसऱ्यांच्या धर्मावर बंदी होती, आणि ती घालणाऱ्यांशी त्यांचे एकाच मिस्सेचे नाते होते. सासष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली होती. स्टीफन्स यांनी त्या मोडलेल्या चौथऱ्यांवरून ये-जा केली असेल. विल्टशायरची आठवण त्यांना त्या वेळी होत असेल का, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

आणि मग कुंकळ्ळी. कुंकळ्ळी आणि आसपासच्या गावांनी पोर्तुगीज सत्तेपुढे मान तुकवली नव्हती. १५८३ मध्ये सैन्य आले, देवळे पुन्हा उद्ध्वस्त झाली, आणि त्या मोहिमेत येशूसंघीयही सोबत होते. त्यानंतर जुलै महिन्यात, चर्चसाठी जागा पाहावयास गेलेले येशूसंघाचे पाच जण गावकऱ्यांच्या हातून मारले गेले: रुडॉल्फ अक्वाविवा, अल्फोन्सो पाशेको, पिएत्रो बेर्नो, अंतोनियो फ्रान्सिस्को आणि बंधू फ्रान्सिस्को अराना. त्यांच्याबरोबरचे काही स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले. परमगुरुस्वामी लिओ तेरावे यांनी १८९३ साली या पाच जणांना धन्यवादित घोषित केले. आपण त्यांचे स्मरण करतो ते योग्यच आहे. पुढची हकीकत मात्र आपल्या प्रवचनांत सहसा येत नाही. कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले आणि तेथे त्यांची हत्या झाली. सोळा जणांपैकी एकटा नदीत उडी टाकून निसटला, असे सांगतात.

अक्वाविवा यांची कथा विशेष विचार करावयास लावणारी आहे. त्याच वर्षी ते अकबराच्या दरबारातून गोव्यास परतले होते. फत्तेपूर सिक्रीला त्यांनी तीन वर्षे मौलवींशी वाद घातला, कडाक्याचा घातला, आणि तरी कोणी त्यांच्या अंगास हात लावला नाही. तेथे ते पाहुणे होते, मागे सैन्य नव्हते, आणि वादाचा यजमान दुसऱ्या धर्माचा बादशहा होता. कुंकळ्ळीत तेच सौम्य वृत्तीचे गुरू निःशस्त्र गेले, परंतु गावकऱ्यांना त्यांच्या मागे नुकतीच येऊन गेलेली फौज दिसली. परदेशातून आलेला माणूस स्थानिकांशी कसा बोलतो, यापेक्षा तो कोणाबरोबर आला आहे हे लोक आधी पाहतात.

त्या पाच जणांचे देह मिळवून त्यांना मूठमाती देण्याच्या कामी स्टीफन्स होते. तीन महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, त्यांनी आपल्या भावाला लॅटिन भाषेत पत्र लिहिले. त्यात या मृत्यूंची वार्ता आहे. आणि त्याच पत्रात येथील भाषांचे कौतुक आहे, त्यांची रचना ग्रीक व लॅटिनशी जुळते असे निरीक्षण आहे. भाषाशास्त्राच्या इतिहासात या निरीक्षणाचा मोठा मान आहे. आम्हांस त्याचे शेजारपण अधिक मोलाचे वाटते. ज्या लोकांनी आपले सहकारी मारले, त्यांच्या बोलीचा गोडवा त्याच शाईने लिहिणारे मन कसे असेल? स्टीफन्स पुढे छत्तीस वर्षे मुख्यतः गोव्यातच राहिले. कुंकळ्ळीनंतर तेहतीस वर्षांनी, १६१६ साली, राशोलच्या छापखान्यात ख्रिस्तपुराण छापले गेले.

येथवर स्तुती झाली. पण आजींच्या प्रश्नाचे उत्तर अर्धेच झाले. स्टीफन्स आपल्या लोकांसारखे बोलतात, यात शंका नाही. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्याचे धाडस ते करतात आणि मोक्ष हा शब्द निःसंकोच वापरतात. परंतु ते भांडतातही, आणि हे भांडण बरोबरीचे नाही. ग्रंथात श्रोते मधूनमधून शंका विचारतात. त्या कधी चांगल्या टोकदार असतात. प्रत्येक शंकेवर पाद्री गुरूंचे उत्तर येते, श्रोता समाधान पावतो, कथा पुढे सरकते. गुरू निरुत्तर झाले, किंवा उद्या सांगतो म्हणाले, असे आमच्या वाचनात कोठे आले नाही. पुराणाची रीतच ही, असे कोणी म्हणेल. मान्य. पण पहिल्या अवस्वरूतील तो ब्राह्मण इतके खरे बोलून गेला आहे की नंतरचे श्रोते त्याच्यापुढे फिके वाटतात. त्याची तक्रार कवीने ऐकली. आमची पुराणे बंद करण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, हा तिच्या पोटातला प्रश्न मात्र त्यालाही विचारू दिला नाही. कुंकळ्ळीचे नाव तर या कथाचौकटीत येतच नाही. काव्य म्हणून हा ग्रंथ थोर आहे. संवाद म्हणून तो दार उघडून उंबरठ्यावरच थांबतो, हे आपण आपल्याच मासिकांतून म्हणावयास हवे. चर्चने आपल्या पूर्वजांच्या चुका मान्य करण्यास भ्यावे, असे दिवस आता राहिले नाहीत. १२ मार्च २००० रोजी परमगुरुस्वामी जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या सेवेच्या नावाखाली झालेल्या अपराधांबद्दल जाहीर क्षमायाचना केली, ती आपण सर्वांनी ऐकली आहे.

ग्रंथाचे पुढील दैव विलक्षण आहे. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये त्याच पोर्तुगीज सत्तेने स्थानिकांनी आपली बोली तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. ज्या ग्रंथाने बंद झालेल्या पुराणांची जागा भरावयाची, त्याच्याच भाषेवर आता संकट आले. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. पुराण वाचले ते गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांमुळे. परमुलखात, परक्या राज्यात, हस्तलिखित उतरून घेत त्यांनी ते गात ठेवले. आणि १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरहून जी आवृत्ती काढली ती अशा घरांतल्या पोथ्यांच्या आधारे. उपऱ्याने लिहिलेला ग्रंथ, घर सोडून उपरे झालेल्यांनी जपला. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला तेव्हा कोठे महाराष्ट्रातील वाचकाला तो सुखाने वाचता आला.

चांदवडच्या बैठकीत बसलेल्यांपैकी एकही कुटुंब मूळचे चांदवडचे नव्हते. कोणी वसईकडचे, कोणी नगरकडचे, एक घर केरळातले. महामार्गाने आलेली माणसे. नाशकात २००८ साली उत्तरेकडच्या मजुरांवर हल्ले झाले आणि कित्येकांनी कारखाने सोडून गावची गाडी धरली, ती आठवण यांतील एका गृहस्थांनी काढली. तेव्हा ते सातपूरला होते. शेजारच्या खोलीतला बिहारी मुलगा रात्रीतून निघून गेला तो परतलाच नाही, एवढेच ते म्हणाले. त्यावर कोणी काही बोलले नाही.

शेवटच्या संध्याकाळी मुलीने पुन्हा पहिला अवस्वरू काढला, कारण आजी पहिल्या दिवशी नव्हत्या आणि ब्राह्मणाची गोष्ट त्यांना मुळातून ऐकावयाची होती. त्यांनी ती डोळे मिटून ऐकली. मग विचारले, "त्याला नवी पोथी भेटली. जुनी परत भेटली का?"

"नाही, आजी," मुलगी म्हणाली.

आजींनी मान हलवली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "बरं. वाच मंग पुढं."