बंद उपकरणांचे दान

महाविद्यालयातला जुना ऑसिलोस्कोप बंद पडतो. दुरुस्तीचा प्रयत्न फसतो, सुटे भाग मिळत नाहीत. मग कोणीतरी सुचवते, ‘एखाद्या शाळेला देऊन टाका.’ शाळा मुंबईतली असो की बुलढाण्याजवळच्या देऊळघाटातली, फुकट मिळणाऱ्या उपकरणाला ती सहसा नाही म्हणत नाही. देणाऱ्याचे कपाट मोकळे होते, घेणाऱ्याचे भरते. हेतू चांगला असला तरी ही रीत सदोष आहे.

पहिला दोष सुरक्षिततेचा. ऑसिलोस्कोपमधील कॅथोड किरण नळीला हजार-दोन हजार व्होल्ट, कधी त्याहूनही अधिक विद्युतदाब लागतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार काही काळ टिकू शकतो. नळी निर्वात असते; ती फुटली तर काचा जोराने उडतात. उपकरणासोबत ही सूचना लेखी दिलेली नसेल, तर ‘मुलांना खोलून पाहू द्या’ हा सल्ला बेजबाबदार ठरतो.

दुसरा दोष ‘बंद’ या शब्दाचा. त्यातून नेमके काय बिघडले ते कळत नाही. एव्हो मीटरचे आठवे मॉडेल पाहा. मोठे रोध मोजण्याच्या पल्ल्यासाठी त्यात 15 व्होल्टची वेगळी बॅटरी लागते आणि ती आता सहज मिळत नाही. तेवढ्यावरून मीटर बाद ठरवणे चूक आहे. विद्युतदाब किंवा विद्युतधारा मोजताना काटा हलवणारी ऊर्जा मोजल्या जाणाऱ्या परिपथातूनच येते. तेथे बॅटरीचे काम नसते. उलट, काटा हलतो म्हणून तो खरे सांगतो असेही नाही. खात्रीच्या मीटरशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

जुनी साधने देऊच नयेत, असा याचा अर्थ नाही. सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सूर्याच्या रेडिओ निरीक्षणासाठी वापरलेल्या 32 लहान डिश काम संपल्यावर ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप व सहकाऱ्यांनी त्या 1965 मध्ये कल्याणजवळ उभ्या केल्या आणि सूर्याचा अभ्यास केला. त्या डिश मोडक्या नव्हत्या, हे खरे. पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. स्वरूप यांनी 1950च्या दशकात पॉट्स हिल येथेच त्या डिशवर काम केले होते. साधनाबरोबर त्याचे ज्ञानही इकडे आले होते.

शाळेला मिळणाऱ्या उपकरणाबरोबर निदान एक कागद यावा: परिपथाची आकृती, बिघाडाचे लक्षण, कोणत्या बिंदूवर किती व्होल्ट मिळाले, कोणता भाग बदलला, संशय कशावर आहे. फसलेल्या दुरुस्तीची अशी नोंद नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना अनुमान आणि पडताळणी शिकवते. उपकरणाला वीज न जोडता, आकृती समोर ठेवूनही हा पाठ घेता येतो.

असा कागद मिळत नसेल, तर शिक्षकांनी नम्रपणे नकार द्यावा. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशा वस्तूंसाठी नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांची वाट उपलब्ध आहे. तिकडे वस्तू पोचवण्याचे काम देणाऱ्या संस्थेचे आहे, शाळेचे नव्हे.